मिस्त्रींचं मागचं दार

खोली बघायला गेलो तेव्हा भाड्याचं बोलणं निघायच्या आधीच मिस्त्रींनी विचारलं, “तुमी झोपंतून उठता ते कोण्या कुशीवर?”

असल्या गोष्टीकडे मी कधी लक्ष दिलं नव्हतं. काहीतरी बोलायचं म्हणून ‘डाव्या’ म्हणालो. त्यांनी लगेच बाज उचलून उलटी फिरवली. डाव्या कुशीवर उठणाऱ्याचे पाय जमिनीला टेकले की समोर दार आलं पाहिजे, असा त्यांचा हिशोब. मग खांद्यावरचं उपरणं माझ्या डोळ्यांवर बांधलं, मला बाजेवर निजवलं आणि म्हणाले, “खोलीत धूर झालाय समजा. निघा भाईर.” पहिल्यांदा मी भिंतीला थडकलो. दुसऱ्यांदा कोपऱ्यातला माठ फोडला. तिसऱ्यांदा धडपडत अंगणात जाऊन पडलो, तेव्हा खोली मला मिळाली. माठाचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. माठ चुकीच्या जागी होता म्हणाले.

ओट्यावर काकू, म्हणजे त्यांची बायको, ज्वारी निवडत बसल्या होत्या. “वाईट वाटून घेऊ नगा,” त्या म्हणाल्या. “आमच्या लग्नात बी ह्यांनी मांडवाच्या मेढी हलवून बघितल्या, मंग उभे राह्यले. माझा बाप म्हनला, पोरगा येडा दिसतो, पर आता हळद लागली.”

गावाचं नाव सांगत नाही. कुंभार पिंपळगावच्या बाजाराला पायी जाऊन येता येई, एवढं जवळ. ह्या गोष्टीतली बरीच माणसं अजून तिथं आहेत आणि मला अजून त्यांची भीती वाटते. मी तिथल्या जनावरांच्या दवाखान्यात मलमपट्टी करणारा माणूस. खरा डॉक्टर आठवड्यातून एकदा घनसावंगीहून जीपने यायचा, त्यामुळे बाकीचे सहा दिवस गाव मलाच डॉक्टर म्हणे. मिस्त्री ‘डाक्टरसाब’ म्हणत, आणि त्यात चेष्टा किती हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्यांच्या हातात कायम एक हातभर लोखंडी सळई असे. कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी ते भिंतीवर सळईने टकटक करत आणि कान लावून ऐकत. मग भिंत पोकळ आहे, तुळईला वाळवी लागली आहे, दिव्याची वायर तुळईवरून उघडी गेली आहे, असं काहीतरी घरच्यांना तोंडावर सांगत. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांच्या देखत सांगत. मयताच्या घरी भेटायला गेले तरी सांगत. एका पूजेला प्रसाद हातात पडायच्या आत ते उठून बाहेर जाऊन उभे राहिले. यजमानाने कारण विचारलं तर म्हणाले, “आत चाळीस मानसं हायेत अन दार एक. ते बी आत उघडतंय. तुमी उरका, मी हितून हात जोडतो.”

गावाने त्यांना काळ्या जिभेचा ठरवलं होतं. हा बोलतो आणि मग तसं घडतं, अशी समजूत. वास्तविक ते शंभर घरांना बोलत आणि त्यातल्या एखाद्या घरी काहीतरी पडे. पण हा हिशोब कोण करतो! शुभकार्याला त्यांना बोलावणं यायचं ते काकूंच्या नावाने.

एके काळी ते जालन्याला मोठ्या कामांवर मिस्त्री होते. तीन मजली बिल्डिंगी बांधायच्या. तिथे एका कंत्राटदाराला घाई होती. स्लॅबखालची लाकडं आठ दिवस आधीच काढायला लावली. मिस्त्रींनी नको म्हणून सांगितलं, कंत्राटदार ‘जल्दी करो’ म्हणाला, आणि मिस्त्रींनी ऐकलं. स्लॅबखाली दोन बाया पाट्या उचलत होत्या. एवढं मला काकूंनी सांगितलं. ते स्वतः त्यावर कधी बोलले नाहीत. गावाला परत आले ते सळई घेऊनच.

गावात त्यांना काम मिळत नसे, कारण ते काम नाकारत. त्या वर्षांत ज्याच्या हातात उसाचे पैसे आले तो घरावर स्लॅब टाकत होता. भिंती तशाच, आजोबांच्या वेळच्या, दगड आणि मातीच्या. वर मात्र सिमेंट. “ह्या भिंतीवर स्लॅब टाकनं म्हंजे म्हाताऱ्याच्या डोक्यावर पाण्याची टाकी देनं हाये,” असं म्हणून मिस्त्री मालकाच्या दारातून परत येत. मालक दुसरा मिस्त्री आणत. दुसरा मिस्त्री गोड बोलायचा आणि पेढे खायचा.

स्लॅब न परवडणाऱ्यांची माळवदं होती. लाकडाच्या छतावर मातीचा थर. दरवर्षी उन्हाळ्यात गळती बंद व्हावी म्हणून वर नवी माती टाकायची, ही रीत. जुनी माती आधी उतरवायची असते, हे सगळ्यांना ठाऊक आणि कुणी करत नसे. बाप टाकत होता म्हणून मुलगा टाकत होता. काही माळवदांवर गुडघाभर माती साचली होती आणि तिच्याखाली माणसं निवांत घोरत होती.

लातूरकडे भूकंप झाला तेव्हा आमच्याकडेही भांडी वाजली. पुढे आठ दिवस सगळं गाव अंगणात झोपलं आणि त्या आठ दिवसांत मिस्त्रींना जे मोल आलं ते विचारू नका. लोक घरी येऊन नेत. चहा पाजून विचारत, “मिस्त्री, आमचं कसं हाये?” ते माळवदावर चढत, सळई मातीत खुपसत आणि बोटांनी माप दाखवत. “एवढी माती काढा. आजच काढा.” तिघांनी काढली. बाकीचे नवव्या दिवशी घरात झोपायला गेले आणि पुढच्या उन्हाळ्यात त्या तिघांनी सुद्धा परत माती चढवली. मिस्त्री ते बघत बघत बाजाराला गेले आणि माझ्यासाठी एक वाळूची बादली घेऊन आले. बादली खोलीत माझ्या उशाशी ठेवली. मी तिच्यात दाढीचं सामान ठेवू लागलो.

आता धाकट्याचं सांगतो. त्याचं सांगितल्याशिवाय मिस्त्रींचं सांगता येत नाही.

मिस्त्रींचा सख्खा धाकटा भाऊ त्याच घराच्या पुढच्या निम्म्यात राहायचा. वाटणीत रस्त्याकडचा भाग धाकट्याला गेला आणि मागचा भाग परसासकट मिस्त्रींना. धाकट्याच्या आतल्या खोलीला पूर्वीचं मागचं दार होतं, ते मिस्त्रींच्या परसात उघडायचं. वाटणीनंतर पंचांनी ते बुजवायला लावलं. दोन भाऊ वेगळे झाले की मधलं दार बुजवायचं, हे आमच्याकडे सातबारा वेगळा करण्याइतकंच नक्की. मिस्त्रींनीच ते कच्च्या विटा आणि चिखल लावून बंद केलं. दाराची चौकट मात्र भिंतीतच राहू दिली होती. परसात बसलं की ती चौकट आणि तिची वरची कडी स्पष्ट दिसे. मी रोज तिच्यासमोर बसून दात घासायचो.

आणि त्या घराच्या पुढच्या खोलीत कापूस. आमच्या भागात कापूस वेचून झाला की तो राहत्या घरातच भरतात. खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत, नाहीतर भाव वाढेपर्यंत. खोली जमिनीपासून छतापर्यंत गच्च, मधून एका माणसापुरती वाट, आणि त्या वाटेने सगळं घर आत-बाहेर करतं. वर दिव्याचा बल्ब लोंबत असतो. कापसावर पोरं झोपतात, अंग खाजवत खाजवत. चोरी नको म्हणून खिडक्यांना लोखंडी गज. धाकट्याचंही तसंच होतं, काही वेगळं नव्हतं. त्याला वाईट माणूस म्हणून रंगवायचं माझ्या फार मनात येतं, पण तो गावातल्या कुणाहीसारखा होता.

त्या साली धाकट्याची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मिस्त्रींना मूलबाळ नव्हतं. ही पोर त्यांच्याच खांद्यावर मोठी झालेली. ते तिला ‘माय’ म्हणत, ती त्यांना ‘मोठेबाबा’. भावाभावांचं बोलणं बंद झालं तरी ह्या दोघांचं कधी झालं नाही. तिचं बाळंतपण कोणत्या खोलीत होणार हे कळलं आणि मिस्त्रींची झोप उडाली. आतली खोली. तिला खिडकी नाही. बाहेर पडायचं तर कापसातून. आणि बाळंतिणीच्या बाजेखाली शेगडी असते. निखारे बाहेरच्या चुलीतून खापरात घालून न्यायचे, तेही कापसातूनच, दिवसातून दोनदा.

ते धाकट्याकडे गेले. अकरा वर्षांनी त्या उंबऱ्यात उभे राहिले. मी सोबत होतो, कारण काकूंनी मला पाठवलं होतं.

“कापूस काढ म्हनत न्हाई,” मिस्त्री म्हणाले. “मागचं दार उघडू दे. माझ्या परसात उघडंल. लेकीला तिकून येऊ-जाऊ दे. मी स्टँपवर लिहून देतो, परसातून जायला माझी हरकत न्हाई.”

धाकटा हसला. “तू फुकट देऊन राह्यला म्हंजे काहीतरी असंलच. आज दार उघडशील, उद्या म्हनशील आतली खोली बी माझी. बिलकुल न्हाई.”

“अरे, पोरीचा जीव...”

“तोंडातून काही काढू नको,” आतून धाकट्याची बायको ओरडली. “पोटुशी लेकरू हाये घरात. काळं तोंड घेऊन जा तुमी.”

ते परत आले. दोन दिवस परसात चौकटीकडे बघत बसले. तिसऱ्या दिवशी धाकटा रानात गेला तशी पहार घेतली आणि कच्च्या विटा काढायला लागले. तासाभरात माणूस वाकून जाईल एवढी वाट झाली. पलीकडून ती मुलगी हसत होती. तिने तिथूनच दोन कप चहा दिला, एक त्यांना आणि एक मला. “मोठेबाबा, आता रोज हितूनच देत जाईन,” म्हणाली. मिस्त्रींना हसताना मी त्या दिवशी पाहिलं. वरचे दोन दात नव्हते, हे मला तेव्हा कळलं.

धाकटा दुपारी आला आणि थेट पोलिसांकडे गेला. जमादार मोटरसायकलवर आले. घर फोडलं, अशी तक्रार. पंचनाम्याला सरकारी माणूस बरा म्हणून मला बोलावलं. लिहायलाही मलाच बसवलं, माझं अक्षर चांगलं म्हणून. जमादार सांगत होते, मी लिहीत होतो. “सदर भिंत पूर्वापार अखंड असून...”

माझा हात थांबला. मी म्हणालो, “साहेब, इथं दार होतं. चौकट आहे अजून.”

“तुमी ते दार उघडं बघितल्तं का कधी?”

“नाही.”

“मंग? जे बघितलं न्हाई ते लिहायचं न्हाई. लिहा, अखंड.”

धाकट्याची ऊठबस सरपंचाकडे होती. दवाखान्याची खोली सरपंचाच्या मालकीची. माझी बदली अंबडला व्हावी म्हणून अर्ज गेलेला आणि त्यावर सरपंचाची शिफारस हवी होती. ही सगळी कारणं मी नंतर शोधली. त्या वेळी मी फक्त भ्यालो होतो. चौकट माझ्यापासून दोन हातांवर होती. मी ‘अखंड’ असं लिहिलं आणि खाली सही केली. मिस्त्री माझ्या हाताकडे बघत होते.

भिंत पूर्ववत करून द्यावी, असं ठरलं. धाकट्याने अट घातली, ह्या वेळी चिखल नको, सिमेंट. पुन्हा उकरता येऊ नये. चौकट उपटून टाकायची. दुसरा मिस्त्री लावतो म्हणाला. ते मात्र मिस्त्रींना सहन झालं नाही. “माझ्या बापाच्या भिंतीला तो पेढेखाऊ हात लावनार न्हाई,” म्हणून त्यांनी स्वतः थापी घेतली. शेवटच्या दोन विटा राहिल्या तेव्हा आतून ती म्हणाली, “मोठेबाबा, एक वीट ऱ्हाऊ द्या की. चहापुरती.”

“न्हाई माय. कागदावर अखंड लिवलंय.”

मी तिथेच उभा होतो. पुढे कित्येक दिवस ते त्या भिंतीवर पाणी मारत होते, सकाळ-संध्याकाळ.

पौषात तिला मुलगा झाला. थंडी मरणाची होती. पाचवी पुजून झाली. मिस्त्री रोज सकाळी एक ओलं पोतं नेऊन कापसामधल्या वाटेवर अंथरायचे, निखारा पडला तर विझावा म्हणून. धाकट्याची बायको ते पायाने सरकवून बाहेर टाकायची. कापूस ओला होतो म्हणायची. खरेदी केंद्रावर नेताना वजनासाठी त्याच कापसावर हंडेच्या हंडे पाणी मारलेलं मी पाहिलं होतं.

आठव्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमाराला, मी एका बैलाच्या मानेची जखम धूत होतो. ओरडा ऐकू आला. पळत गेलो तर पुढच्या दारातून पिवळा धूर येत होता, दाट, हात घातला तर दिसेना. शेगडीचे निखारे नेताना तिच्या आईच्या हातून खापर कलंडलं होतं. ती कशीबशी बाहेर पडली, केस जळालेले. लोक रस्त्यावरून घागरी फेकत होते. धाकटा आत घुसायला बघत होता आणि चौघांनी त्याला धरलं होतं. मी परसाकडे गेलो.

मिस्त्री पहार मारत होते. प्रत्येक घावाला सिमेंटची कपची उडे, बास. भिंत जागची हलत नव्हती. दोन्ही तळहातांतून रक्त येत होतं. मी पहार घेतली, दहा-बारा घाव घातले, माझ्याने झालं नाही, त्यांनी परत घेतली. एक वीट आत गेली. मग दुसरी. तेवढ्या भोकातून धुराबरोबर लुगड्यात गुंडाळलेलं मूल आलं. मी धरलं. ते रडलं.

“मोठेबाबा,” आतून आवाज आला.

“तोंड हितं लाव, माय. भोकाला लाव. हवा घे.”

तिने तोंड भोकाला लावलं. मला तिचं नाक, ओठ आणि एक डोळा दिसत होता. आणि आता मिस्त्रींना घाव घालता येईना, कारण तिथे तिचं तोंड होतं. ते बाजूने मारायला लागले. बाजूची भिंत नुसती वाजत होती. “थोडी सरक,” ते म्हणत होते आणि लगेच “न्हाई, सरकू नको” म्हणत होते. मी मूल घेऊन उभा होतो. थोड्या वेळाने तो डोळा भोकापाशी राहिला नाही.

भिंत पडली तेव्हा ती उंबऱ्याच्या जागी बसलेली होती. भाजली नव्हती. नुसता धूर.

गावाने काय करावं? गाव म्हणालं, काळी जीभ. धाकट्याने तेराव्याला सगळ्यांदेखत भावाला विचारलं, “तू रोज म्हनत व्हता ना, आग लागंल? लागली. आता बस आनंदात.” काहीजण त्याच्याही पुढे गेले. आग लागली तेव्हा हा पहार घेऊन तयारच कसा होता, असं पारावर बोलू लागले. ज्यांनी हे म्हटलं त्यांच्या घरात पुढच्या हंगामात कापूस पुढच्याच खोलीत भरला गेला, छतापर्यंत. मी डोळ्यांनी नाही पाहिलं, तोवर माझी बदली झाली होती, पण दिवाळीनंतर एकजण अंबडला भेटला त्याने सांगितलं. मुलाला त्याच्या वडिलांकडे नेलं.

माझी बदली वैशाखात झाली. शिफारस सरपंचाचीच होती. निघायच्या सकाळी मी परसात गेलो. मिस्त्रींनी तिथे कंबरेइतक्या उंचीच्या तीन भिंती बांधल्या होत्या, एका ओळीत, कशालाही न जोडलेल्या. माघापासून पाणी मारून मारून जपल्या होत्या. गाव म्हणत होतं, आता पुरताच गेला. त्यातल्या दोन पाडलेल्या दिसल्या. ते तिसरीसमोर पहार टेकवून बसले होते.

मी बरेच दिवस पाठ केलेलं बोललो. “मिस्त्री, तो शब्द मी लिहिला. दार होतं हे मला माहीत होतं. भ्यालो मी.”

“माहीत हाये,” ते म्हणाले. “तुमी निस्तं लिवलं, डाक्टरसाब. भिंत मी बांधली.”

“तुम्हाला बांधायला लावली.”

“बांधायला लावली. पक्की बांधायला कुनी लावल्ती? सिमिट म्हनले लोक. किती, ते कुनी सांगितलं न्हाई. मी एकास चारचा माल केला, एक पाटी सिमिटाला चार पाट्या वाळू. टाकी बांधावी तसा. आतल्या भिंतीला एकास आठ बी लई झाला असता. कुनाला कळलं बी नसतं.” त्यांनी तळहात बघितले. “कच्चं काम माझ्या हातून व्हत न्हाई, अशी मस्ती व्हती मला.”

मी विचारलं, “ह्या भिंती कशाला?”

“एकास आठच्या हायेत. त्या भिंतीला मारलं तेवढंच पाणी मारलं, तेवढेच दिवस ठिवल्या.” ते उठले आणि पहार दोन्ही हातांनी धरली. “पहिली अकरा घावांत पडली. दुसरी बी अकराच. लागा तुमच्या वाटंला, जीप निघून जाईल.”

मी रस्त्याला लागलो. मागून पहारीचा आवाज येत होता. तो मी मोजला.